बाकावरचे चार तास

४ मार्च
ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.
सुतारकामाच्या वर्गाला जाऊ लागलात हे वाचून आनंद झाला आणि धास्तीही वाटली. तुम्ही खिळा ठोकलात की शेजाऱ्यांचं कॅलेंडर पडतं. पहिली वस्तू स्वतः आखून करायची असेल, तर स्टूल पुरे.
आई आणि आत्या अजून बोलत नाहीत का? कुकरची शिट्टी कोणी हरवली यावरून तीन महिने अबोला म्हणजे कमाल झाली. एका टेबलावर बसून दोघी तुमच्यामार्फत मीठ मागतात, याचं मला फार वाईट वाटतं.
लोभ ठेवा, बोटं जपा.
तुमची ठमी

११ मार्च
चि. ठमीस अनेक आशीर्वाद.
स्टूल नाही, बाक केला. कागदावर फार देखणा होता. प्रत्यक्षात एक पाय आखूड निघाला. वर्गाची फरशीच उतरती आहे, असं मी म्हणालो. शिकवणाऱ्या बाईंनी पाणसळ लावून फरशी सपाट असल्याचं दाखवलं.
रविवारी घरी वरची फळी गोंदाने चिकटवली. दाबून धरायला शिकंजे नाहीत. मग एका टोकाला तुझी आई बसवली, दुसऱ्या टोकाला आत्या. सांगितलं, एक जरी उठली तरी बाक उलटेल; चार तास हलायचं नाही.
पहिला तास दोघी समोरासमोरच्या भिंतींकडे बघत होत्या. दुसऱ्या तासात आई भिंतीला म्हणाली की या माणसाला लग्नाच्या वेळीही अक्कल नव्हती. आत्या म्हणाली, लहानपणी तर त्याहून कमी होती. तिथून जी गाडी सुटली ती थांबेचना. मी निमूट पाणी देत होतो. शेवटी शिट्टीचा विषय निघाला, दोघी रडल्या, आणि माझ्या मिशीला लागलेला गोंद बघून हसत सुटल्या.
बाक डुगडुगतो, पण घर बोलतं झालं. ही युक्ती माझी, हे विसरू नये.
आशीर्वाद आहेतच, कौतुक कळव.
तुझे बाबा

१३ मार्च
चि. ठमीस आशीर्वाद.
बाबांना हे सांगू नकोस, ते फार खुशीत आहेत. तो गोंद अर्ध्या तासात धरतो. बाटली आमच्या दोघींच्या मधेच होती, तिच्यावर लिहिलेलं मी बसल्या बसल्या वाचलं. काल वन्संना हे कबूल केलं, तर म्हणाल्या, त्यांनीही वाचलं होतं.
मग उठला का नाहीत, म्हणून मी विचारलं.
त्या म्हणाल्या, तू उठली नाहीस म्हणून.
माया आहेच, तिकडेही असू दे.
आई