समुद्रापलीकडचं घर

मालेगाव (जहाँगीर),
१२ जानेवारी २०२५

प्रिय रूपाताई,
सप्रेम जय भीम.

तुम्ही दोघं बरी असाल. इकडे तूर कापणीला आली, थंडी अजून हटत नाही. साक्षी सातवीत गेली, आत्याचा फोटो पाहून म्हणते, माझं नाक हिच्यासारखं.

बाबांनी त्यांचे जुने नकाशे बाहेर काढलेत, कारंज्याच्या रद्दीवाल्यांकडून जमवलेले. इंग्रजांच्या काळातला वऱ्हाडचा, कडेला वाघ आणि कापसानं भरलेल्या बैलबंड्या असलेला. दुसरा कुठंच नसलेल्या देशाचा, ज्याच्या समुद्रात मासे जहाजं गिळतात. घरभर लावलेत. रस्ता शोधायला त्यांचा काही उपयोग नाही, पण समोर उभं राहिलं की पाय निघत नाही. साक्षी शाळेतून आली की दप्तर पाठीवर ठेवूनच वाघ पाहत बसते.

आता बाबा स्वतःच एक काढताहेत. ड्रॉईंग मास्तरांचा हात अजून तसाच आहे. मधोमध मालेगाव, पोहरादेवीला मुंग्यांएवढी जत्रेतली माणसं, आणि कारंज्याला निळाशार समुद्र!

"आबाजी, कारंज्याले समुद्र कुठी हाये?" साक्षीनं विचारलं.

"नाई. पण असाले काय हरकत हाये?"

खूप हसलो आम्ही.

ताई, सांगायचं ते मी पुढं पुढं ढकलतोय.

मागच्या आठवड्यात बाबांनी समुद्रापलीकडं एक घर काढलं. दारात सायकल धरलेली बाई. मी विचारलं, हे कोणाचं?

"रूपाचं. रस्ता काढून राह्यलो, पण कोठून नेऊ समजूनच नाई राह्यलं. पोरगी येत काहून नाई रे?"

"बाबा, तुमीच तिले सांगितलं होतं, या घरात पाय ठेवू नको म्हणून."

ते माझ्याकडं बघतच राहिले. "मी? मी काहून असं म्हणीन?"

अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, वाढत जाणार. तुला कळवायचा धीर होत नव्हता. तुझ्या लग्नावरून झालेलं भांडण, ते बोलणं, सगळं त्यांच्या डोक्यातून पुसून गेलंय. तू मात्र पुसली गेली नाहीस.

तुला त्यांच्या माफीची वाट असेल, तर ती आता मिळायची नाही. जे आठवतच नाही, त्याची माफी ते कशी मागणार? हा तुझ्यावर अन्यायच आहे. तू नाही आलीस तरी मी एका शब्दानं बोलणार नाही.

पण आलीस तर भाऊजींना घेऊन ये. चार दिवसांपूर्वी बाबांनी विचारलं, "जवायाचं नाव काय हाये?" मी सांगितलं, हरीओम. त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं, मग तुझ्या घरामागं एक डोंगर काढून त्यावर लिहिलं, 'हरीओमगड'. तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी त्या अक्षरांवरून बोट फिरवतात. मी म्हटलं, हे कायले?

"पाठ करून राह्यलो. पोरगा दारात आला अन् मले नावच नाई आठवलं, तं कसं दिसन?"

आज सकाळी त्यांनी न बघता नाव सांगितलं.

तुम्हा दोघांसाठी दार उघडं ठेवून,
तुझा प्रसेनजित