एकशे दहा धोट्यांची तबकडी

खासबाग, बेळगाव
१२ मार्च १९४५

प्रिय ज्योतिबा,

तू पुढच्या शनिवारी घरी येणार, असं दवाखान्याचं पत्र आलं. तुझ्या आईनं ते वाचायला माझ्याकडंच आणलं. पदरानं डोळे पुसत म्हणाली, पोरगं जित्तं हाय, लई झालं. मग घरी जाऊन तुझ्या ग्रामोफोनवरची धूळ झाडत बसली. इकडं लढाईमुळं सूत मिळत नाही, निम्मे माग बंद आहेत.

कॅम्पातला कुणी साहेब विलायतेला जाताना तू लिलावात ते यंत्र आणि तबकड्यांचे दोन संच घेतलेस, तेव्हा मी तुला येडा म्हणालो होतो. दोन्हींत चीज एकच! मयताची ती संथ चाल, साठ-सत्तर वाद्यं, फक्त वाजवणारा ताफा निराळा. पण तू लग्नाच्या बँडात क्लॅरनेट फुंकणारा. तू म्हणायचास, पहिल्यात मोठ्या सारंग्या दम घेत घेत उठतात, माणसाला रडायला सवड देतात. दुसऱ्यातला, ताफ्याला काठीनं हाकणारा, तिरडी उचलून पळत सुटतो. मला दुसराच आवडायचा. रडायचं तर रडून मोकळं व्हावं की! तरी मी हट्टानं म्हणायचो, दोन्हींचा वेग एकच आहे, फरक तुझ्या डोक्यात आहे. किती भांडलो रं आपण त्यावरून.

शेवटी विणकरांच्या रीतीनं तंटा मिटवायचं ठरलं. ग्रामोफोन आण्णाप्पाच्या मागाशेजारी ठेवला. त्याचा हात लई नेमका. पहिल्या सुरापासून ढोलाच्या पहिल्या ठोक्यापर्यंत त्यानं आडवं सूत नेणारा धोटा एकसारखा फेकत राहायचं, बाकीच्यांनी मोजायचं आणि तबकड्या मी लावायच्या. दुसऱ्या संचाला शहाण्णव धोटे लागले. पहिल्याला एकशे दहा लागतात, हे मला ठाऊक होतं. आण्णाप्पाला सोबत घेऊन मी आधीच गुपचूप मोजून बघितलं होतं; मोजलं मी मनातल्या मनात; कशासाठी ते आणि किती भरले ते त्याला सांगितलं नव्हतं.

पहिल्या संचाची तबकडी लावताना, ती भरभर फिरावी म्हणून, मी यंत्राच्या वेगाचा काटा पुढं सरकवला. धोटे भरले सत्त्याण्णव. तू तर पहिल्या सुरालाच उठून उभा राहिला होतास. परशा, सूर चढलाय, काटा कुणीतरी हलवलाय, म्हणालास. मी सगळ्यांदेखत आईची शपथ घेतली. वर हसत म्हणालो, कान फुटलेत तुझे, जा, दाखवून ये. सगळे खो खो हसले. तू एकदा माझ्याकडं बघितलंस आणि माझ्या शपथेवर विश्वास ठेवलास.

दुसऱ्या दिवशी पलटणीच्या बँडात तुझी परीक्षा होती. तू गेलाच नाहीस. ज्या कानांचा मलाच भरवसा न्हाय, ते साहेबाला काय दाखवू, म्हणालास. महिन्याभरात बंदूक घेऊन त्याच पलटणीत भरती झालास. स्टेशनावर तुला पोचवायला आलो, तेव्हा शब्द अगदी ओठावर आला होता. मी तुझा बिस्तरा डब्यात चढवून दिला आणि गाडी सुटली. लाज वाटली रं, दुसरं काही नाही.

दवाखान्याच्या पत्रात आणखी एक ओळ होती. तुझ्या आईला ती मी वाचून दाखवली नाही. इटलीत तोफगोळा जवळ फुटून तुझे दोन्ही कान कायमचे गेले, असं त्यात लिहिलंय. तू परत आलास की तोंडानं कबूल करीन, असं पाच वर्षं मी मनाला बजावत आलो. आता माझ्या तोंडाचा काय उपयोग? म्हणून हे लिहितोय. धाडण्याआधी आज आण्णाप्पाच्या मागाशी तेव्हा हसलेल्या त्याच माणसांना सगळं वाचून दाखवलं. आण्णाप्पानं माग थांबवला आणि उठून बाहेर गेला. तुझ्या आईला उद्या सांगेन. काटा मी हलवला होता, ज्योतिबा. सूर चढला होता. तुला बरोबर ऐकू आलं होतं.

तुझाच म्हणवून घ्यायची लाज वाटणारा,
परशराम