सभेतलं एक वाक्य

९ सप्टेंबर

चि. सौ. वहिनीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि ताट तसंच बाजूला सारलं. खालच्या शिंपीणबाईंना जागा सोडायला लावायचा ठराव तुमच्या इमारतीच्या रविवारच्या सभेत येणार म्हणतेस. त्यांची लेक चोवीस वर्षांची, बोलता येत नाही, घाबरली की किंचाळते. तिनं जावं तरी कुठं?

पण तुझा नवरा सभेत बोलणार, हे काही मला पटेना. अगं, स्वतःचं नाव सांगतानाही तो अडखळतो. घड्याळाच्या दुकानात गिऱ्हाइकाला भाव लिहून दाखवणारा आमचा मुखदुर्बळ! लोक हसले तर महिनाभर तोंड उघडायचा नाही. नुसती मम म्हणत बसू नकोस, आवर त्याला.

माया आहेच, ती वाढती ठेव.
तुझी ताई

१७ सप्टेंबर

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

आवरायला गेले, पण ऐकतील तर शपथ. तुमचेच बंधू!

सभा गच्चीवर भरली. शिंपीणबाई शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या. सेक्रेटरींनी ठराव वाचला, की आवाजाचा सगळ्यांना त्रास होतो, तेव्हा दोन महिन्यांत जागा सोडावी. कोणाला काही बोलायचंय का, असं त्यांनी विचारलं आणि हे उठले.

पहिलं अक्षरच निघेना. मान आखडली, कपाळावरच्या शिरा तटतटल्या. मागून कोणीतरी फिदीफिदी हसलं. सेक्रेटरी म्हणाले, की राहू द्या, लिहून द्या. ह्यांनी मान हलवली. मला वाटलं, धरणीनं पोटात घेतलं तर बरं. पण हे खाली बसले नाहीत. हळूहळू हसणं थांबलं, खुर्च्यांची कुरकुर थांबली. ताई, अख्खी गच्ची श्वास रोखून एका माणसाच्या एका शब्दाची वाट पाहत होती. असली शांतता मी उभ्या जन्मात अनुभवली नव्हती.

मग तुकड्यातुकड्यानं हे म्हणाले, की माझ्या अडकण्याचाही तुम्हाला त्रास होतोय, तो मला दिसतोय; तरी तुम्ही थांबलात. त्या पोरीसाठीही एवढंच करा.

ठरावाच्या बाजूनं असतील त्यांना हात वर करायला सांगितलं तेव्हा चारच हात वर झाले, त्यातलाही एक लगेच खाली गेला. ठराव बारगळला. शिंपीणबाई ह्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनाही शब्द सुचेना. ह्यांनी त्यांना हवा तेवढा वेळ दिला.

सगळंच गोड झालं असं नाही. वरच्या मजल्यावरचे अजून तोंड फिरवतात. पोरगी काल पुन्हा किंचाळली, पण या खेपेला कोणी त्यांचं दार बडवलं नाही.

सभेहून आल्यावर हे गटागटा पाणी प्यायले आणि झोपले. मी मात्र बघतच राहिले. अठरा वर्षं ज्याच्याशी संसार केला, तो माणूस मला नव्यानंच भेटला.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असू द्यावा.
तुमची वहिनी

२२ सप्टेंबर

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचताना दूध उतू गेलं, तरी मला पत्ता नाही. लहानपणी दुकानात पाठवला की हा रिकाम्या हातांनी परत यायचा, कारण काय हवं ते ओठांवर येत नसे. तोच हा! मी थक्क झालेय.

शनिवारी निघतेय. तू मला सगळं कळवलंस, हे त्याला सांगू नकोस. मला ते त्याच्याच तोंडून ऐकायचंय.

परतीचं तिकीट काढलेलं नाही.

तुम्हा दोघांची
ताई