दोनशेतीन नंबरची गाणी

१६ नोव्हेंबर, रविवार

आज पुन्हा! दिवा लावला, हात जोडले, आणि शेजारच्या दोनशेतीनमधून धुम्-धुम्-धुम् सुरू. देव्हाऱ्यातली तांब्याची पळी ताम्हनात थरथरत होती. बाळकृष्ण जागचा हलला म्हणेन मी, पण हे म्हणतील काहीतरीच.

सहनशक्ती संपली. स्वयंपाकघरातून लाटणं आणलं आणि भिंतीवर हाणलं — ठाण ठाण ठाण. गाणं बंद! मनात म्हटलं, आज तरी समजलं. इतक्यात करकर आवाज आला आणि तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून! आणि मोठ्याने! मी पुन्हा हाणलं. पुन्हा पहिल्यापासून. असं एकेक गाणं तीन तीन वेळा ऐकलं आज. वर्षभर हेच चाललंय. निर्लज्जपणाला काही सीमा?

हे म्हणाले, इथे भिंत ठोकत नाहीत, इमारतीच्या ऑफिसला फोन करतात. मग करा, म्हटलं. तर म्हणे, माझं जपानी बँकेपुरतंच आहे. अक्षया हसत होती. काय झालं विचारलं तर जपानीत काहीतरी पुटपुटून खोलीत गेली. चौदा वर्षांची मुलगी, मराठीत विचारावं तर उत्तर जपानीत. हल्ली हेच.

१७ नोव्हेंबर, सोमवार

लाटण्याला खाच पडली. पोळीवर रेघ उमटते. उद्यापासून भिंतीला जुनं लाटणं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज अक्षयाचा मूड बरा होता म्हणून खोदून विचारलं. ही गाणी जमैकाची. संथ असतात ती रेगे, धावतात ती डान्सहॉल. शेजारचे मोरिता-सान दिवसा पार्सलं पोचवतात आणि डिसेंबरात इंटरनेटच्या रेडिओवर एक कार्यक्रम करतात — सरत्या वर्षात रेगे आणि डान्सहॉलमध्ये काय काय झालं, कोणती गाणी चांगली, कोणती नुसताच गोंगाट. त्याच्या तयारीला नोव्हेंबरात वर्षभराची सगळी गाणी पुन्हा वाजवून बघतात.

म्हणजे वर्षभर मी जे जे सोसलं ते सगळं पुन्हा!

वाजवा. माझी तर आता नावंसुद्धा ठरलीत. एक कुकरवालं — मध्येच शिट्टी. एक बंबवालं — आग लागल्यासारखा भोंगा. एक रडवी बाई. आणि ती चुलत भावंडं! धून एकच, अगदी तीच, आणि त्यावर पाच वेगळे गाणारे पाच वेगळी गाणी म्हणतात. मला आधी वाटलं चोरी. अक्षया म्हणाली, चोरी नाही, पद्धतच आहे त्यांच्यात, एक धून निघाली की सगळे आपापले शब्द घेऊन येतात.

मग त्यात नवल ते काय? आमच्या भजनी मंडळात एका चालीवर किती अभंग म्हणायचो.

हे मी कशाला लिहिलं! मोरिता-सानांची वकिली करायला बसलेली नाही मी.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

खाली टपालपेट्यांपाशी नोटीस लागली आहे. ह्यांनी मोबाइल धरून वाचून दाखवली. दुसऱ्या मजल्यावरून रोज संध्याकाळी आवाज येतो अशी तक्रार आहे. चौकशी होईल. सुधारणा नसेल तर संबंधिताचा घराचा करार मार्चला वाढवणार नाहीत.

देवाने ऐकलं!

तक्रार मी केलेली नाही. खालच्या ओगावा आजींनी केली असणार. शहाणी बाई.

रात्री मात्र मनात येत राहिलं. घर जाणं म्हणजे इथे काय, ते आम्हाला ठाऊक आहे. हे घर मिळायच्या आधी किती जागी, परदेशी म्हटल्यावर, हसून वाकून नकार मिळाला होता. मोरिता-सान इथलेच आहेत, त्यांना मिळेल दुसरं. पण पन्नाशीचा एकटा माणूस, घरभर गाण्यांचे खोके... कोण देणार?

जाऊ दे. माझी पूजा शांत होईल.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला. आंब्याची डहाळी कुठली मिळायला, कोपऱ्यावरच्या कुंपणाची पानं घेतली — विचारून. पोथी उघडली आणि पलीकडे बंबवालं! देवी म्हाताऱ्या ब्राह्मणीच्या रूपात राणीच्या दारात येते तिथे बरोब्बर भोंगा. हाणलं. पुन्हा पहिल्यापासून. हाणलं. देवी तीनदा दारात आली.

सकाळी गोमी, म्हणजे कचरा, टाकायला गेले तेव्हा हे गृहस्थ तिथेच. लाल-पिवळी-हिरवी विणलेली टोपी, तिच्यात कोंबलेले केस. मला बघून कमरेत असे वाकले की मला वाटलं काही पडलं त्यांचं. "नेहमी आभारी आहे," एवढं मला कळलं. आभार? चेष्टा करतो माझी! मी बाटल्यांची झाकणं वेगळी करत राहिले, वर बघितलं नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

काय लिहू. हसू की तोंड लपवू.

दत्तजयंती, म्हणून सुंठवडा करत होते. दारावर घंटा. मोरिता-सान! हातात मिकान संत्र्यांची पिशवी आणि एक कागद. अक्षयाला मध्ये घेऊन बोलायला लागले. नोटीस त्यांनीही वाचली होती. आवाजाची तक्रार म्हणजे आपल्याच गाण्यांची, असं धरून ते ऑफिसला पत्र देणार होते, आणि शेजाऱ्याने त्यावर दोन ओळी लिहून दिल्या तर बरं पडेल. म्हणे, ह्या इमारतीत आपलं गाणं कळणारं एकच माणूस आहे, ते म्हणजे तुझी आई.

मी अक्षयाकडे बघितलं. ती छताकडे.

मग उलगडलं ते असं. जमैकात, आणि इथेसुद्धा त्यांच्या जलशांत, गाणं फार आवडलं की लोक भिंतीवर थापा मारतात. थापा पडल्या की वाजवणाऱ्याने गाणं थांबवायचं, मागे न्यायचं आणि पहिल्यापासून लावायचं. न लावणं हा ऐकणाऱ्याचा अपमान!

म्हणजे वन्समोअर. आपल्या संगीत नाटकाला द्यायचे तसा. मी वर्षभर लाटण्याने वन्समोअर देत होते!

आणि ह्या भल्या माणसाने माझी प्रत्येक थाप मनावर घेतली. जी गाणी भिंतीवरून वाजली ती बाजूला काढली, त्यातून वर्षाची पहिली वीस ठरवली. "ओकासानांचा कान पक्का आहे," म्हणाले. ओकासान म्हणजे आई, म्हणजे मी. बंबवालं पहिल्या नंबरवर.

मी सुंठवडा दिला. कागद "ह्यांना विचारून" म्हणून ठेवून घेतला. दार लावलं आणि अक्षयाला धरलं. तुला माहीत होतं?

म्हणाली, "माहीत होतं. पण सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस ना आई. आणि मग घरात सात वाजता काही मजाच उरली नसती."

अख्खं मराठीत म्हणाली. एक शब्द जपानी नाही. रागवायचं राहूनच गेलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

हे म्हणतात लिहून दे छान छान, कुणाचं काय जातं. मार्गशीर्षात खोटं लिहू? देवीचा घट मांडलेला असताना?

पण खरं सांगायचं तर नुसतं खोट्याचं नाही. ती यादी डोक्यातून जाईना. ज्यांना मी ठोकलं ती वर. आणि जी मला आवडली, जिथे मी पोळी लाटायची थांबून ऐकत राहिले, तिथे भिंत गप्प! म्हणजे ती सगळी खाली, बाद. ते पेटीचं गाणं — तोंडाने फुंकायची छोटी पेटी असते तसले सूर, संथ, मध्ये खूप मोकळी जागा — ते लागलं की वातही स्थिर राहायची. ते कुठे असेल यादीत? नसेलच.

घरचा हिशेब एका रुपयाने चुकला तरी मला झोप येत नाही. इथे तर अख्ख्या वर्षाचा ताळा उलटा लागलाय, आणि तो माझ्यामुळे.

७ डिसेंबर, रविवार

सांगून आले.

अक्षया दारातच अडली. आई नको ना, त्यांना किती वाईट वाटेल. मी म्हटलं, चल.

त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नाही, पण जे आहे ते स्वच्छ. आमच्या बाजूच्या भिंतीला टेकून खोकेच खोके. मला एकुलत्या खुर्चीवर बसवलं. मी म्हटलं, अक्षया, सांग — मी मारत होते ते आवडलं म्हणून नाही, बंद करा म्हणून.

तिने सांगितलं. फार हळू.

मोरिता-सान भिंतीकडे बघत राहिले. मग विचारलं, "झेंबु?"

हा शब्द मला बाजारात ऐकून ठाऊक आहे. सगळं. अक्षयाची वाट न बघता मीच म्हणाले, "झेंबु."

त्यांनी टोपी काढली. बाप रे, ते केस! वडाच्या पारंब्याच. दोन्ही हातांनी डोकं धरून बसले, खांदे हलायला लागले. मी घाबरले. रडतात का? हसत होते. एवढे हसले की अक्षयाही, आणि मग मीही.

हसून झाल्यावर वर्षाची यादी करणारा माणूस विचारील तेच त्यांनी विचारलं. मग गप्प कुठे कुठे बसलात?

तीन तास बसले मी तिथे! ते थोडंथोडं वाजवायचे, मी सांगायची — मारलं, मारलं, नाही मारलं. रडवी बाई खाली घ्यायला लावली. गळा चांगला आहे, पण रडणं उसनं आहे तिचं. चुलत भावंडांतला तिसरा तेवढा खरा, बाकी चौघे त्याच्या जिवावर. पेटीचं लागलं तेव्हा मी काही बोललेच नाही. त्यांनीही विचारलं नाही.

बंबवाल्यावरून मात्र जुंपली. मी म्हटलं, काढाच, माझं डोकं दुखतं. त्यांचं उत्तर अक्षयाने असं सांगितलं: "ओकासान, ज्याने वर्षभर डोकं दुखलं, तेच वर्षाचं गाणं."

कागदावर मराठीत लिहिलं, अक्षयाने खाली जपानीत: गाणी ऐकू येतात. पूजेची वेळ सोडून चालतील. एवढंच, आणि एवढं खरं. मंगळवारी ते ऑफिसात देणार आहेत.

११ डिसेंबर, गुरुवार

साडेसहा ते सव्वासात पलीकडे शांत. पोथी वाचताना माझाच आवाज मला मोठा वाटला. मध्ये एकदा चुकले.

१४ डिसेंबर, रविवार

परवापासून मोरिता-सान भेटले की नीट बोलत नाहीत. वाकतात आणि निघून जातात. ऑफिसात काय झालं विचारलं, तर अक्षयाला म्हणाले, सगळं ठीक आहे. ठीक असलेला माणूस असा दिसतो? पत्राचा उपयोग झाला नसणार. त्यांचं घर जाणार.

मी अजून मोठं लिहून द्यायला हवं होतं.

१८ डिसेंबर, गुरुवार

उद्यापन. पुरणपोळीचं ताट शेजारी पाठवलं. मासे नाहीत ना ह्यात, ह्या प्रश्नासह अक्षया परत आली. मोरिता-सान मासे खात नाहीत! मटण नाही, सुपात माशाची दाशीसुद्धा नाही — जमैकाच्या त्या गाणाऱ्या लोकांचं बघून तरुणपणीच सोडलं. ह्या देशात शाकाहारी जेवण शोधताना मी डोळ्यांत तेल घालून पाकिटं वाचत हिंडते, आणि भिंतीपलीकडे हा माणूस.

ताट धुऊन आलं. त्यात मिकान.

२१ डिसेंबर, रविवार

कार्यक्रम ऐकला. तिघांनी, अक्षयाच्या फोनवर. ह्यांनी चक्क क्रिकेट बंद केलं.

अक्षया जमेल तसं मराठीत सांगत होती. मोरिता-सानांचं म्हणणं असं की यंदा डान्सहॉलवाले फार घाईत होते. गाणं उठायच्या आतच पुढचं तयार. रेगे मात्र मागे वळून बसला, जुन्या संथ तालावर नवी पोरं आली, आणि त्यात पोरी धीट निघाल्या. शेवटी म्हणाले, यंदा माझ्या याद्या दोन आहेत. एक ठोकलेल्या गाण्यांची, एक न ठोकलेल्या. वर्षभर मला वाटत होतं, दाद आवाजातच असते. शेजारच्या ओकासानांनी गप्प बसून जे ऐकलं ते मला डिसेंबरात कळलं.

ठोकलेल्यांत पहिलं बंबवालं. हट्टी मेला.

न ठोकलेल्यांत पहिलं पेटीचं. पूर्ण वाजलं. हे म्हणाले, अरे, हे बरं आहे की. माझे हात शिवशिवले; पण लाटणं नाही घेतलं. टाळ्या वाजवल्या. पलीकडे कानाला हेडफोन लावून बसलेल्या माणसाला काय ऐकू जाणार, तरी वाजवल्या.

२६ डिसेंबर, शुक्रवार

ऑफिसचा माणूस येऊन गेला. तक्रार गाण्यांची नव्हतीच. ओगावा आजींना गाणी नीट ऐकूसुद्धा जात नाहीत. भिंत ठोकली की त्यांच्या फडताळातल्या कपबश्या हलतात. रोज सातला. तक्रार आमच्यावर होती!

मंगळवारी मोरिता-सान माझा कागद घेऊन ऑफिसात गेले तेव्हा त्यांना हे कळलं. कागद खिशातच ठेवून त्यांनी तिथे लिहून दिलं: ठोकणं माझ्या गाण्याचा भाग आहे, शेजाऱ्यांचा दोष नाही. मी खरं सांगून आल्यावर, दोन दिवसांनी! त्यांचा करार मार्चला संपतो, वाढवणार नाहीत. आमचा वाढवला. तेच सांगायला आला होता तो, वाकून, हसून.

ऑफिस आता नव्या वर्षाच्या सुट्टीनंतर पाच जानेवारीला उघडेल. अक्षयाला सांगून ठेवलंय, शाळेला सुट्टीच आहे, माझ्याबरोबर यायचं, खरं काय ते सांगायला.

ह्यांनी विचारलं, आणि आपलं घर गेलं तर?

म्हटलं, जाऊ दे. ठोकलं मी.