खाट क्रमांक सातची कमांड

सोमवार, ३ तारीख
रुग्णालयात नोकरी लागली! तळमजल्यावर स्वतंत्र खोली, फिरणारी खुर्ची. बारावी अर्धवट सोडलेल्याला आणखी काय हवे? वरच्या वॉर्डात बारा खाटा. माझा पायथन प्रोग्रॅम प्रत्येक खाटेसाठी स्वतंत्र चालणारी एक कमांड चालू करतो. ती रुग्णाची नाडी मोजते आणि नाडी थांबली की संपते. प्रत्येक चालू कमांडला संगणक एक क्रमांक देतो; तो टाइप करून ती बंद करता येते. बाराही क्रमांक वहीत सुवाच्य अक्षरात उतरवले. आई सात नंबरच्या खाटेवर आहे, आजारी. जेवणाच्या सुट्टीत भेटता येते. सिस्टर म्हणाल्या, शेंडेफळ आईच्या मागे नोकरीलाही आले.

बुधवार, ५
रुग्णाच्या बोटाची वायर सैल झाली तरी कमांड संपते, म्हणून साहेब वैतागले. मी पाच ओळी वाढवल्या : कमांड संपली, की लगेच पुन्हा चालू कर. साहेबांनी पाठ थोपटली.

शनिवार, ८
सकाळी दहाला चार नंबरची कमांड संपली, नव्या क्रमांकाने चालू झाली. सिस्टर सांगत होत्या, त्या खाटेवरचे आजोबा गेलेच होते, डॉक्टरांनी चादर ओढली आणि ते उठून बसले. सगळे हसले. मीही.

मंगळवार, ११
आजोबांचे हात थंड आहेत. ते जेवत नाहीत. पापण्या लवत नाहीत. काल नऊ नंबरची कमांड संपून चालू झाली. त्या बाईंचेही आता तसेच. सिस्टर थट्टा करत नाहीत.

बुधवार, १२
दुपारी २.१०. सातची कमांड संपली. दोन सेकंदांत चालू झाली. मी जिना चढलो नाही. नवा क्रमांक वहीत लिहिला.

शुक्रवार, १४
आईच्या अंगाला वास येतो. ओठ न हलवता म्हणाली, "थकले रे बाळा. जाऊ दे मला." मी बरे म्हटले. खाली येऊन सातची कमांड बंद केली. प्रोग्रॅमने चालू केली. बंद. चालू. माझ्याच पाच ओळी —

शनिवार, १५
प्रोग्रॅमच बंद केला. कमांड चालूच. ज्याने चालू केल्या तो गेला, तरी त्या थांबत नाहीत. एकेक क्रमांक हाताने —
चार. बंद. सिस्टरचा फोन : आजोबा गेले. या वेळी उठले नाहीत.
नऊ. बंद. फोन.
सात. क्रमांक तीनदा पडताळला. टाइप केला. फोन जवळ ओढून ठेवला. आता फक्त एंटर —