पुलावरचा नवा नाका

तीर्थरूप बाबा,

इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे, जेवते वेळेवर. तुमचा गुडघा कसा आहे?

करार झाला. आपण पाच शेजारी देश एकजुटीनं बोलायचं ठरवून आलो होतो. बड्या देशाच्या मंडळींनी गोड हसून पाचही जणांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. आपल्या खोलीत दुभाषी मी. त्यांचा साहेब म्हणाला, "तुम्ही इतरांपेक्षा समजूतदार." एवढ्यावर आपले मंत्रीमहाशय विरघळले आणि सही करून बसले. वर मलाच म्हणतात, "बघितलंस, कसं वाकवलं त्यांना!"

बाकी चौघांनी सही केलेली नाही. आता बड्यांची स्वस्त दूध पावडर आपल्याकडे बिनकराची येणार, आणि ती आपल्यामार्गे त्या चौघांकडे शिरू नये म्हणून पलीकडचा शेजारी देश आपल्या नदीच्या पुलावर नाका बसवणार. म्हणजे पुलापलीकडे ताईच्या डेअरीला जाणारे तुमचे कॅनही तिथेच अडणार.

मी मंत्र्यांना विचारलं, "साहेब, पुलाचं काय?"

"कुठला पूल?" म्हणाले.

उद्याच्या समारंभात त्यांच्या विजयाच्या भाषणाचं भाषांतर मी करणार नाही, असं कळवून टाकलंय. नोकरी बहुतेक जाईल. आईला एवढ्यात सांगू नका. ताईला मात्र आजच सांगा, दुसरीकडून दूध बघायला लाग म्हणावं.

तुमची,
धाकटी