भाषणाच्या कॅसेटवर गाणी

अण्णा, चेअरमनच्या कॅसेटवर भाषणाऐवजी गाणी निघाली ती माझ्यामुळं. आधीच लिहून टाकतो, नाहीतर नेहमीसारखा दुसऱ्यांनाच शिव्या घालत बसेन. तुम्ही जाऊन आठ वर्षं झाली, आणि तुम्ही असता तर हे लिहिलंही नसतं.

तो दुष्काळ आठवला तरी किळस येते. दूध सोसायटीत दूध नव्हतं, छावणीत जनावरं नुसती हाडं होऊन दावणीला उभी, आणि सोसायटीचा चेअरमन तळमळत होता कशासाठी, तर छावणीतलं त्याचं भाषण संध्याकाळच्या बातम्यांत दाखवणार होते, त्याची कॅसेट व्हावी म्हणून. आपलं टीव्ही-दुरुस्तीचं दुकान, म्हणून बोलावणं आलं. आपण त्याच्या घरी गेलो तेव्हा अंगणात टँकरच्या पाण्यानं जीप धुणं चाललं होतं. तुम्ही तिकडं बघितलंही नाही. गुडघ्यावर बसलात, केबलची वायर आधी व्हीसीआरमध्ये घातली, तिथून दुसरी टीव्हीत, व्हीसीआरवर बातम्यांचं चॅनल आणि वेळ लावली आणि घरच्यांना कौतुकानं सांगितलं, "आता टीव्हीवर कायबी बघा. ह्यो आपलं चॅनल धरून बसतोय." कुणी ऐकलं नाही. त्यांच्या लेखी टीव्हीवर दिसतं तेच कॅसेटवर उतरतं. तुम्ही चहाला ओसरीवर गेलात. चेअरमनची पुतणी, कॉलेजात माझ्याच वर्गातली, दारात उभी आहे. "गाण्याचा कार्यक्रम बी ह्याच टायमाला असतोय. जाऊ दे," एवढंच म्हणते. माझ्याकडं बघून हसली असं मला वाटतं. मी व्हीसीआरचं चॅनल बदलतो. पुढं टीव्हीवर भाषण लागलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि व्हीसीआर खाली गुपचूप गाणी धरत बसला.

दुसऱ्या दिवशी चेअरमननं माणसं जमवून कॅसेट लावली. आपल्यालाही मानानं बोलावलं. पडद्यावर नाच! "काय बे म्हाताऱ्या, माझ्या भाषणात बाया नाचवायलास व्हय?" खोली हसली. तीसुद्धा आतल्या दारात तोंडाला ओढणी लावून हसत होती. तुम्ही हात जोडले. "हात चुकला, मालक." मला त्याची नाही, तुमचीच शिसारी आली. परत येताना तुम्ही विचारलंत, "मी बातम्याचंच लावलतं ना रे?" मी म्हणालो, "मला काय म्हाईत? तुमीच लावलं."

त्यानंतर तुमचा तुमच्या हातावरचा विश्वासच गेला. साधी वायर जोडली तरी काढायची, पुन्हा जोडायची, जरा रेकॉर्ड करून, मागं नेऊन बघायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, "अण्णा, टीव्ही जोडायलाव का पोरीला स्थळ बघायलाव?" तुम्ही ओशाळं हसून मला हाक मारायचात, "एकदा बघ रे, बरोबर हाय का?" मी बघायचो आणि "हाय" म्हणायचो. उपकार केल्यासारखं! थू माझ्यावर.

तुमचा हात चुकला नव्हता. एकदाही नाही.

अजून एक राहिलं. मी कॉलेज सोडलं ते तिचं लग्न ठरलं म्हणून. वर्गात तिचा रिकामा बाक बघवत नव्हता. लोकांना मात्र सांगत फिरलो, "अण्णांचा हात आता चालत न्हाई, दुकान कोण बघणार?" हे तुमच्या कानावर गेलं होतं का, तेवढं मला कळत नाही. कुणाला विचारायचं धाडसही झालं नाही.